कवठे महांकाळचीं पुढील दहा वर्षें

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागांत, मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवर कवठे महांकाळ हें तालुक्याचें गांव आहे. मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर आपलें बहुतेक पाणी टाकून मग या बाजूला येतात. त्यामुळें येथें पाऊस थोडा आणि तोही लहरी. अशा मुलखांत भविष्य विचारण्याची संवय नवी नाहीं. पाडव्याच्या दिवशीं पंचांग उघडून यंदा मेघनिवास कुंभाराच्या घरीं कीं माळ्याच्या, पाऊस किती आढक, हें ऐकून घेणारीं माणसें पेरणी मात्र आभाळाकडे पाहूनच करीत. भाकीत ऐकावें, पण त्याच्या भरंवशावर बीं टाकूं नये, हा व्यवहार त्यांना ठाऊक होता.

आज विचारलें जातें तें निराळें आहे. येत्या दहा वर्षांत, म्हणजे २०३५ च्या सुमारास, यंत्रें कोठवर जातील आणि त्यांच्यामागून समाज कोठें जाईल? अशीं भाकितें पूर्वींही झालीं आहेत. १९६५ सालीं गॉर्डन मूर या अमेरिकन तज्ज्ञानें विजेच्या सूक्ष्म चकतीवर बसणाऱ्या घटकांची संख्या पुढील दहा वर्षें दरसाल दुप्पट होत जाईल असें सांगितलें, आणि तें बरेंचसें खरें ठरलें. उलट, १९३० सालीं केन्स या नामवंत अर्थशास्त्रज्ञानें शंभर वर्षांत माणसास आठवड्याला पंधरा तासांचें काम पुरेल असें लिहिलें होतें. संपत्ति वाढण्याचा त्याचा हिशेब फारसा चुकला नाहीं. चुकला तो माणसाच्या हांवेचा. अलीकडे, २०१६ सालीं, जेफ्री हिंटन यांनीं क्ष-किरण चित्रें वाचणारे नवे वैद्य तयार करणें आतांच थांबवावें, पांच, फार तर दहा वर्षांत यंत्र तें काम अधिक चांगलें करील, असें म्हटलें. यंत्र त्या कामांत पुष्कळ पुढें गेलें. वैद्यांची गरज मात्र अजून आहेच. यंत्राची शक्ति किती वाढेल हें मोजून सांगतां येतें. तें यंत्र कोणाच्या दारीं जाईल, त्याचें बिल कोण भरील आणि त्यानें कोणाचें काम हलकें होईल, हें मोजपट्टीनें सांगतां येत नाहीं.

याचा पडताळा कवठे महांकाळास घरबसल्या मिळतो. मिरज तालुक्यांत म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी उचलून टप्प्याटप्प्यानें वर चढवावयाचें आणि कालव्यांनीं कवठे महांकाळ, जत या दुष्काळी भागांस पोंचवावयाचें, ही म्हैसाळ उपसा सिंचन योजना १९८० नंतरच्या दशकांतली. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ सालीं स्थापन झालें, आणि पाणी शिवारांत खेळूं लागण्यास नवें शतक उजाडावें लागलें. अभियंत्यांचें गणित बरोबर होतें. पाणी किती, चढ किती, पंपाची ताकद किती, यांत खोट नव्हती. पण नदीचें पाणी डोंगराकडे चढवावयाचें म्हणजे प्रत्येक घागरीला वीज जाळावी लागते. आणि ती वीज कोणाच्या नांवावर पडणार, हा प्रश्न नकाशावर कोणीं काढला नव्हता. बिलें थकलीं, वेळोवेळीं पंप थांबले, ऐन उन्हाळ्यांत कालवे कोरडे पडले. पुढें वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनानें आणि १९ टक्के शेतकऱ्यांनीं उचलावा असें ठरलें, तेव्हां कोठें योजनेस श्वास घेतां आला. पंपास जें जमलें नाहीं तें एका वाटपाच्या आंकड्यानें साधलें.

आणखी एक गोष्ट कोणाच्याच भाकितांत नव्हती. पाणी येईल, मग बागा होतील, असा क्रम सर्वांनीं धरला होता. प्रत्यक्षांत द्राक्षाची बाग आधीं आली आणि पाणी मागून! विहिरी आटल्या तेव्हां टँकर विकत घेऊन लोकांनीं वेली जगविल्या. त्याच परिसरांतल्या बेदाण्यास २०१६ सालीं ‘सांगली बेदाणा’ या नांवानें भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या कोरड्या हवेस हा मुलूख जन्मभर बोल लावीत आला, तीच हवा घड सुकविण्यास उपकारक ठरली.

मग पुढील दहा वर्षांचें काय? पहिलें अनुमान उन्हाचें. ऊन येथें भरपूर, आणि सौर वीज आतां स्वस्त झाली आहे. २०२३ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आंखला गेला, तो शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानें पांच टक्के रक्कम भरावयाची आहे. रात्रीच्या पाळीस कंदील किंवा बॅटरी घेऊन, विंचू-सापांच्या वाटेवरून मोटर चालूं करावयास जाणें ही या भागांतली जुनी जाच आहे. ती दहा वर्षांत बहुतेक संपेल असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र येथेंच एक गोष्ट नजरेआड होते. विजेचें बिल आणि विजेची टंचाई, दोन्हीही शिव्या खाणाऱ्या गोष्टी, आजवर भूगर्भांतल्या पाण्याच्या नकळत राखणदार होत्या. सूर्य बिल पाठवीत नाहीं. बोअर दिवसभर चालली तर तिला थांबविणारें कोण? शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसूं लागेल तेव्हां त्याचा राग सूर्यावर निघणार नाहीं, बांधावर निघेल. सौर पंपाबरोबर गांवानें पाण्याचा हिशेब ठेवण्याची कांहीं रीत बसविली नाहीं, तर दहा वर्षांनंतर हा तालुका पंपांनीं श्रीमंत आणि पाण्यानें गरीब झालेला दिसण्याचा संभव आहे.

दुसरें अनुमान सल्ल्याचें. द्राक्षाच्या बागाइतदाराचें वर्ष दोन छाटण्यांवर चालतें : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फुलोऱ्यांत अवकाळी पाऊस झाला कीं दावण्या पसरतो. बेदाणा शेडवर जाळीवर पसरलेला असतांना हवा दमट झाली कीं त्याचा रंग जातो. पानाचा ओलावा मोजून रोगाची चाहूल देणारीं उपकरणें बागांत येऊं लागलीं आहेत. बारामतीस २०२४ पासून उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे, आणि २०२५ सालीं राज्य सरकारनें शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें. साध्या मराठी बोलींत विचारावें आणि फोननें मराठींतच उत्तर द्यावें, हें दहा वर्षांत येथें नवलाचें राहणार नाहीं. परंतु उद्यां पाऊस येणार हें कळणें निराळें, आणि बागेवर प्लास्टिकचें आच्छादन घालण्यास पैसा असणें निराळें. सूचना दोघांसही एकाच क्षणीं मिळेल. बाग मात्र एकाचीच झांकली जाईल. पूर्वीं नुकसान आभाळाच्या माथीं मारतां येई. आतां आगाऊ कळूनही हात चोळीत बसावें लागणें, हें दुःख अधिक बोचणारें आहे.

समाजाविषयींचें अनुमान याहून अवघड असलें तरी एक रेघ स्पष्ट आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें आढळलीं. म्हणजे मागची पिढी भरून निघण्यास लागतात त्याहून कमी. शाळेचे वर्ग लहान होतील आणि ओट्यावरचीं म्हातारीं माणसें वाढतील. त्यांत हा मुलूख मुळांतच बाहेर जाणाऱ्यांचा. खानापूर, आटपाडीपासून इकडच्या गांवांपर्यंतचे गलाई कामगार सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं देशभरच्या सराफपेठांत पसरले आहेत. तेव्हां येथें राहील कोण? शेतकरी मुलास मुलगी देण्यास घरें कांकूं करतात, ही तक्रार आज गांवोगांव ऐकूं येते. मुली शिकल्या, आणि त्यांनीं शेणा-पाण्याच्या कष्टाचा हिशेब मांडला, हें त्यांचें चुकलें असें म्हणवत नाहीं. २०२३ सालीं केंद्र सरकारनें महिला बचत गटांस फवारणीचे ड्रोन देण्याची योजना आणली, तिच्याकडे या बाजूनें पाहावयास हवें. ड्रोन कांहीं तासांचें काम हलकें करील. पण सातबारावर बाईचें नांव लागल्याखेरीज ती त्या शेतांत राहावयास कां तयार होईल, हें त्या यंत्रास सांगतां येणार नाहीं.

देशाची शेवटची जनगणना २०११ ची. पुढची २०२७ सालची ठरली आहे. तिचे गांववार आंकडे हातीं आले म्हणजे किती घरें बंद आहेत, किती घरांत नुसतीं वृद्ध माणसें आहेत, हें कळेल, आणि या अनुमानांपैकीं कांहीं पडताळून पाहतां येतील. कालव्याच्या शेवटच्या टोकास पाणी पोंचतें कीं नाहीं, याचा पडताळा मात्र पुढचें कोरडें साल येईल तेव्हांच मिळेल.