बैठक जमली पाहिजे!

'सकाळची सायकल का हो सोडलीत?' असं कुणाही बाईला विचारून बघा. 'वेळच मिळत नाही', 'ट्रॅफिक किती वाढलंय', 'गुडघे कुरकुरतात'... कारणं तयार असतात. खरं कारण बरेचदा चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. ते सीटमध्ये असतं. अर्धा तास सायकल चालवली की खाली दुखायला लागतं, मुंग्या येतात, जांघेत घासून कातडी सोलवटते. सांगायचं कुणाला? सायकलवाल्या काकांना? नवरा म्हणतो, 'होईल सवय.' सासूबाई म्हणतात, 'या वयात सांगितलंय कुणी?' मग सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात.

आमचा पुण्यात सात-आठ जणींचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे कोथरूडहून निघायचं, खडकवासल्यापर्यंत जायचं आणि भजी न खाता परत यायचं, असा नियम. (दुसरा भाग पाळला जात नाही.) दोघी जणी हळूहळू यायच्या बंद झाल्या. एकदा चहाच्या टपरीवर मीच विषय काढला, 'मला बाई त्या सीटवर बसवतच नाही.' क्षणभर शांतता. मग एकेक जण बोलू लागली. सगळ्यांचं दुखणं एकच होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच होतंय!

तर मैत्रिणींनो, आधी हाडांचं समजून घेऊ. आपण बसतो तेव्हा सगळा भार पेल्विसच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर येतो. डॉक्टर त्यांना इश्चियल ट्युबरॉसिटी म्हणतात. आपण 'बैठकीची हाडं' म्हणू. माकडहाड वेगळं, ते मागे मधोमध असतं. लाकडी पाटावर बसून दोन्ही तळहात खाली सरकवलेत, तर ही दोन हाडं हाताला सहज लागतात. निसर्गानं बाळंतपणाची सोय केलेली असल्यामुळे बायकांमध्ये त्यांच्यातलं अंतर पुरुषांपेक्षा सरासरीनं जास्त असतं. पण बाईबाईतही केवढा तरी फरक असतो.

आणि हा फरक वरून दिसत नाही, हीच मोठी गंमत आहे. मी अंगानं किरकोळ. दुकानात रुंद सीट मागितली तर तो मुलगा हसला, 'मॅडम, ती जाड लोकांसाठी असते. तुम्हाला कशाला?' घरी मोजलं तर माझ्या हाडांमधलं अंतर १४८ मिलिमीटर निघालं. माझ्यापेक्षा वीस किलोंनी वजनदार असलेल्या मैत्रिणीचं ११८! बांगड्या भरताना कासार दंड बघतो का? तो हाताचा पंजा दाबून हाडं बघतो आणि 'दोन-सहा' की 'दोन-आठ' ते सांगतो. सीटचंही तसंच आहे. वजनाचा नाही, हाडांचा हिशेब.

माझ्या सायकलबरोबर आलेली सीट जेमतेम १४० मिलिमीटर रुंद होती. म्हणजे दोन्ही हाडं कडेबाहेर लोंबकळत होती आणि त्यांनी पेलायचा भार मधल्या नाजूक भागावर पडत होता. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की मुंग्या येणारच. याला 'सवय' कशी होणार? चप्पल दोन नंबर लहान असेल तर पायाला कधी सवय होते का?

मोजायचं कसं, तर अगदी घरच्या घरी. किराण्याच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या. कडक स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा आणि पातळ कपड्यांत त्यावर बसा. टाचा उचला, म्हणजे गुडघे थोडे वर येतील. किंचित पुढे वाका आणि मिनिटभर हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून वरून घासा. दोन्ही खळग्यांचे मध्य शोधा आणि त्यांच्यातलं अंतर पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा. दोन-तीनदा मोजलेलं बरं.

या अंतरात थोडी भर घालायची, कारण हाडं सीटच्या काठावर नाही, आत टेकायला हवीत. किती भर, ते तुम्ही कशा बसता त्यावर. रेसिंगच्या सायकलवर खूप वाकून बसणारीला साधारण १० मिलिमीटर पुरतात, थोडं वाकून बसणारीला २०, आणि लेडीज सायकलवर ताठ बसून मंडईत जाणारीला ३० ते ४०. वाकल्यावर भार त्या हाडांच्या पुढच्या, जवळजवळ येत गेलेल्या भागावर जातो. म्हणून तिथे रुंदी कमी लागते. माझं गणित १७० च्या आसपास आलं. अशी सीट मिळते, फक्त मागावी लागते. 'लेडीज सीट एकाच मापाची येते' असं कुणी सांगितलं, तर सरळ दुसरं दुकान गाठा. नुसती एकूण रुंदी बघू नका. कडा उतरत्या असतील तर हाडं घसरतात. सपाट भाग किती रुंद आहे ते बघा. पुढचं नाक मात्र निमुळतंच हवं, नाहीतर मांड्या घासतात.

आता त्या मऊ मऊ जेल कव्हरविषयी. दोन-तीनशे रुपयांत मिळतं, हाताला छान लागतं आणि पहिली दहा मिनिटं उशीवर बसल्यासारखं वाटतं. पुढे हाडं त्यात रुततात, मधला भाग वर येतो आणि नको तिथेच दाब वाढतो. जमिनीवर तासभर बसायचं तर आपण पिसाची उशी घेतो की सतरंजीची घडी? घडीच ना! सीटही तशीच हवी, जरा घट्ट. मधे खाच किंवा पन्हळ असलेली सीट अनेकींना मानवते, पण सगळ्यांनाच नाही. काहींना त्या खाचेची कडच टोचते. म्हणून बदलून देतील का, ते विकत घेण्याआधीच विचारा.

सीट योग्य असूनही नीट बसवलेली नसेल तर सगळं मुसळ केरात. ती जमिनीला समांतर हवी. नाक वर असेल तर पुढे दुखतं. फार खाली असेल तर आपण घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. उंची अशी हवी की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवी डोलते आणि कातडी घासली जाते. कपड्यांकडेही बघा. जीन्सची मधली जाड शिवण ही मोठीच वैरीण. पॅडवाली शॉर्ट घेतलीत तर ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, आणि रोज धुवायची. वरून सैल सलवार घाला, कुणाला कळतसुद्धा नाही.

हा प्रश्न नवा नाही. १८९० च्या दशकात बायका सायकलवर बसू लागल्या, तेव्हाच अमेरिकेत मधे खाच असलेल्या 'हायजिनिक' सीट बाजारात आल्या होत्या. पुढे तिथल्याच जॉर्जिना टेरी या इंजिनीअर बाईनं १९८५ मध्ये खास बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली आणि नंतर सीटही आणल्या. आणि तरीही ब्रिटनची पॅरालिम्पिक सायकलपटू हॅना डाइन्स हिला वर्षानुवर्षांच्या दाबामुळे आलेल्या सुजेसाठी नाजूक जागी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. २०१९ मध्ये तिनं 'गार्डियन' वृत्तपत्रात हे उघडपणे लिहिलं. इतक्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूचं दुखणं अंगावर निघतं, तिथे आपण गप्प बसतो यात नवल ते काय!

म्हणून एवढं लक्षात ठेवा. नव्या सीटवर पहिला आठवडा-दोन आठवडे हाडांच्या जागी थोडं अवघडलं, तर हरकत नाही; ते जातं. पण पुढच्या भागात बधिरपणा, सूज, न बरा होणारा फोड, लघवीला जळजळ, यातलं काहीही झालं तर सायकल थांबवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांना लाजायचं कारण नाही.

मला सर्वांत जास्त वाटतं ते मुलींविषयी. मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडे गावोगावच्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नाही. शाळा चालू राहणार की सुटणार, हे त्या दोन चाकांवर ठरतं. अशी एखादी मुलगी 'आई, सीट टोचते गं' म्हणाली, तर तिला 'सवय होईल' म्हणू नका. पुठ्ठ्याचा एक तुकडा आणा, पट्टी घ्या आणि दार लावून मायलेकी मिळून मोजा. कुठे दुखतं ते नाव घेऊन सांगायला ती तिथेच शिकेल.