कचेरी सुटल्यावर

‘लग्नाआधी मी सतार वाजवीत असे.’

हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल याची गणती नाही. सतारीच्या जागी कुठे दिलरुबा असतो, कुठे बुलबुलतरंग, अलीकडे बहुतेक गिटार. ‘लग्नाआधी’च्या जागी ‘बदली होण्यापूर्वी’ असते. क्रियापद मात्र सगळीकडे एकच, आणि तेही रीतिभूतकाळातले! मराठीचा अध्यापक असल्यामुळे क्रियापदांकडे माझे लक्ष जरा अधिकच जाते. हा रीतिभूतकाळ उच्चारून झाला की बोलणारे गृहस्थ कपाटाच्या माथ्याकडे पाहतात. तिथे ते वाद्य खोळीत निजलेले असते. आणि मग ठरलेले दुसरे वाक्य येते, ‘वेळच मिळत नाही हो!’

ही तक्रार खोटी आहे असे म्हणण्याची माझी छाती नाही. डोंबिवलीहून मुंबईला रोज लोकलने जाऊन येणाऱ्या माणसाच्या दिवसात सतारीने शिरावे तरी कुठून? पण वेळेचा हा प्रश्न आपण समजतो तितका सरळ नाही, असे मला मुरबाड तालुक्यात राहू लागल्यापासून वाटू लागले आहे.

मुरबाडजवळचे म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेमुळे सगळ्या ठाणे जिल्ह्याला ठाऊक आहे. खांबलिंगेश्वराची ही यात्रा. बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांच्या राशी लागतात, तमाशाचे फड उतरतात. ही यात्रा पौषातच का? भात कापून, झोडून घरात आलेले असते, हातात चार पैसे असतात आणि शेतात काम नसते. गाण्याबजावण्यासाठी इथे कोणी ‘वेळ काढीत’ नाही. पंचांगानेच तो काढून ठेवलेला आहे.

याच जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत, आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या जव्हार-डहाणूकडे, वारल्यांचा तारपा आहे. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत कापून काढलेल्या जिभ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. यातले मोल देऊन आणावे लागते असे फारसे काही नाही. वाजवणारा गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही, आणि त्याच्याभोवती फेर धरणाऱ्यांना थांबावे लागत नाही. तारप्याचा मोसम म्हणजे पावसाळा सरता सरता भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतचा. भोपळा पिकायचा, वाळायचा आणि वाजायचा, सगळे ऋतूच्या हिशोबाने. वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना या वाद्यासाठी २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांना तारपा हा शब्द पहिल्यांदाच कळला असावा.

आता आपल्या शहरी कुटुंबांचे पंचांग पाहा. त्यात वीजबिलाची तारीख आहे, परीक्षा आहेत, सोसायटीची सभा आहे. भोपळा वाळण्याचा महिना त्यात नाही. मग ज्याला मोसमच नाही, त्याने काय करावे?

याचे उत्तर मला एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरापाशी मिळाले. कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्यांचे नाव. सांगली भागातले हे गृहस्थ एका प्रश्नाने पछाडले गेले. आपला गवई जो गांधार लावतो तो नेमका कोणता? पेटी तेव्हा घरोघर आणि रंगभूमीवर शिरली होती, आणि तिचे सूर विलायती पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग पाडून लावलेले. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप एक गांधार झंकारतो. त्याच्यापेक्षा अशा पेटीचा गांधार सुमारे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा असतो. सातवा हिस्सा म्हणजे काय मोठेसे, असे आपण म्हणू. कान तयार असलेल्या माणसाला तो चपलेतल्या खड्यासारखा टोचतो!

देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाला सोबत घेतले. खाँसाहेबांनी सूर लावायचा, देवलांनी तारेवर तो मिळवायचा आणि तारेची लांबी मोजायची. तार निम्मी केली की वरचा षड्ज, दोन तृतीयांश ठेवली की पंचम, चार पंचमांश ठेवली की गांधार. आयुष्यभर जमिनीची मोजणी आणि महसूल पाहिलेल्या माणसाने सुराची मोजणी मांडली, हे मला फार शोभून दिसते. १९१० साली त्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते वाचून ई. क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज जिल्हा न्यायाधीश या नादाला लागले, आणि हे तर पेन्शनरही नव्हते. दिवसा खटले आणि कचेरी सुटल्यावर श्रुती! देवलांच्या हिशोबाप्रमाणे त्यांनी विलायतेत खास श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडली गेली. वाद झाला, मते फुटली, आणि गवयांनी काही ती पेटी उचलली नाही.

मग एवढा खटाटोप वाया गेला का? पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीसएक वर्षे चालली. या बंदीमागच्या आक्षेपांत हा सुरांचा आक्षेप होताच. म्हणजे देवलांनी विचारलेला प्रश्न जिवंत होता. तो पुढे पुन्हा ठाण्यातच उगवला, आणि तोही एका डॉक्टरच्या घरी. डॉ. विद्याधर ओक हे औषधशास्त्रातले एम.डी., नोकरी औषधांच्या कंपन्यांत आणि पेटीची तालीम गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकाकडे. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती, मिळून बावीस. प्रत्येक पट्टीखाली एक खिट्टी. ती ओढली की त्या स्वराची दुसरी श्रुती वाजू लागते. श्रुती बावीसच आणि नेमक्या याच का, यावर पंडितांत आजही एकमत नाही, आणि त्या भांडणात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मला कुतूहल आहे ते डेप्युटी कलेक्टर, न्यायाधीश आणि डॉक्टर यांच्या संध्याकाळींचे. यांना वेळ कुठून मिळाला?

मला वाटते, ‘संगीतासाठी वेळ काढू या’ असे यांपैकी कोणी म्हटलेच नसेल. संगीत हा फार मोठा शब्द आहे, तो कोणाच्याही संध्याकाळीत मावत नाही. यांच्यापुढे होता एक गांधार, एक खिट्टी, एक अर्धवट राहिलेले मोजमाप. अर्धवट राहिलेले काम माणसाला जेवणाच्या पाटावरून उठवते. कपाटावरची सतार तसे करीत नाही, कारण ती सर्वांगी पूर्ण असते!

याचा एक लहानसा पडताळा आम्ही गेल्या पावसाळ्यात पाहिला. गावातल्या एका सुतारदादांना बांधकामे थांबल्यामुळे आषाढ-श्रावणात सवड असते. त्यांच्या पडवीत मी आणि एक शाळामास्तर दर रविवारी सकाळी बसू लागलो आणि आम्ही तुणतुणे करायला घेतले. तुणतुण्याइतके सोपे वाद्य नाही. सागाचे पोकळ नळकांडे, खालच्या तोंडावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, कुशीला ठोकलेली बांबूची काठी, तिच्या डोक्यावर खुंटी, आणि खुंटीपासून कातड्याच्या मध्यापर्यंत एक पोलादी तार. तार कातडे फाडील म्हणून खालून एक चकती लावायची, पूर्वी छिद्राचा पैसा लावीत म्हणे. पण सोपे म्हणता म्हणता नऊ रविवार गेले. ऐन श्रावणातली दमट हवा, कातडे ओल्या पापडासारखे सैल पडे. चुलीजवळ शेकवले की तासभर टणत्कार निघे, पुन्हा ढुम्म. ‘सर, याला दसऱ्यापर्यंत ठेवा, आपोआप बोलेल,’ असे सुतारदादांनी सांगितले. तसेच झाले. मात्र ते नऊ रविवार ‘काढावे’ लागले नाहीत. रविवार उजाडला की पाय आपसूक पडवीकडे वळत. तिघांपैकी एक आला नाही तर दोघांचे काम अडते, हा धाकही होताच.

वाद्ये करणे हा ज्यांचा धंदा आहे त्यांनाही मोसमाची वाट पाहावी लागते. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, ते नीट वाळल्याखेरीज कारागीर हात लावीत नाही. फरीदसाहेबांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, हे चालत आले आहे. त्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलतो. पुरुषांच्या छंदाचा वेळ बहुधा घरातल्या बाईच्या वेळातून कापलेला असतो. आम्ही तिघे पडवीत कातडे शेकवीत होतो तेव्हा तीन घरांत रविवारचा स्वयंपाक कोण करीत होते, हे सांगायला नको. मग जिला असा तुकडा कापून घेता येत नाही तिने काय केले? तिने कामातच गाणे घातले. जात्यावरच्या ओव्या म्हणजे दुसरे काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पहाटे दळण दळता दळता बायांनी ही एवढी रचना केली.

आता पिठाची गिरणी आली, जाते उलथून पडले, आणि ओव्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात तेवढ्या उरल्या. पण प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. स्टुडिओची गरज नाही. पंखा आणि फ्रिज बंद करावा, मोकळ्या खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतीला एखादी वाकळ टांगावी, फोन तोंडापासून हातभर दूर, घडी केलेल्या टॉवेलावर ठेवावा. पत्र्याचे घर असेल तर पावसाळा टाळावा. सुरुवातीला गाणाराचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी आणि एक प्रत दुसरीकडे ठेवावी. दिवाळीच्या सुटीत आजी घरी असते, नातवंडेही असतात. नातवाला गिटार येत असेल तर त्याने तिच्या सुराला आपली तार मिळवून पाहावी. देवलांनी केले ते याहून फार निराळे नव्हते.

उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या आजींच्या ओव्या मी अशाच उतरवून घेतल्या. प्रथम एकही आठवेना. दोन-तीनदा सुरुवात करून त्या गप्प झाल्या. ‘हात रिकामा असला तर ओवी कशी येईल, बाबा?’ असे म्हणून त्यांनी सुनेकडून जात्याचा जुना खुंटा मागवला, जमिनीवर उभा धरला आणि नुसताच गोल फिरवू लागल्या. मग ओवीमागून ओवी आली. अकरा झाल्या. बारावी अर्ध्यात असताना पाण्याचा टँकर आला, आजी खुंटा टाकून हंडा घ्यायला उठल्या, आणि टँकरचा हॉर्न त्या ध्वनिमुद्रणात अजून तसाच आहे.