मुंबईचा इंडी मंच : कुठे, कधी, काय

रंगभवन, धोबीतलाव : छप्पर नसलेले नाट्यगृह. १९७८ पासून इथे ‘जॅझ यात्रा’ रंगली, १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. आजूबाजूला रुग्णालये आणि कॉलेज. त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि २००३च्या सुमारास इथले ध्वनिवर्धक बंद पडले.

बँड : १९८४चा ‘रॉक मशीन’ १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. पुढच्या पिढीतल्या ‘पेंटाग्राम’चे गायक विशाल ददलानी आज हिंदी चित्रपटांचे संगीतकार म्हणूनही घरोघरी माहीत आहेत.

ब्लू फ्रॉग, लोअर परळ : मथुरादास मिल कंपाउंडमधला क्लब. २००७ ते २०१६ या काळात स्वतःची गाणी बांधणाऱ्या बँडना इथे हक्काचा मंच मिळाला.

मेहबूब स्टुडिओ, वांद्रे : २०११ पासून ‘महिंद्रा ब्लूज’ महोत्सवाचे ठिकाण.

शेजारी पुणे : ‘एनएच७ वीकेंडर’ या संगीत महोत्सवाची सुरुवात २०१० मध्ये इथेच झाली.

घड्याळाचा काटा : उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. तेव्हा खुल्या मैदानावरच्या कार्यक्रमाला वेळेत पोहोचा. मुख्य बँडही दहाच्या आत आटोपतो.