चित्राखालची तारीख

निसर्गचित्रांवर लिहिताना आपली कलामासिके रंग आणि ब्रशचे फटकारे यांवर पाने भरतात. चित्रकार कुठे बसला, महिना कोणता, ऊन कुठले, हे मात्र गाळतात. आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचे कोटितीर्थ पुन:पुन्हा रंगवले. तिथे वेळ वगळून लिहायचे तरी काय?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवरच घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले हे खारे पाणी एरवी हिरवट. जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झाले! पाणी आटून क्षार वाढले आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पुढे हिरवेपण परतले.

त्या दिवसांत कुणी काठावर बसून जलरंगात ते पाणी उतरवले असेल, तर तो गुलाबी रंग डोळ्यांनी पाहिलेला आहे. लेखात तारीख नसेल, तर वीस वर्षांनी वाचक म्हणेल, चित्रकाराने मनचे रंग भरले. बिनतारखेचे व्हाऊचर आम्ही बँकेत परत पाठवत असू. संपादकांनीही असा लेख परत पाठवावा. आणि नुसते ‘लोणार येथे’ लिहून भागत नाही. काठावरून अख्खे विवर दिसते; खाली उतरले की झाडीच पाणी झाकते.