वेगवान मोटारीचा पूर्वाश्रम

जुनें घर विकत घेणारा मनुष्य त्याच्या भिंती ठोकून पाहतो, विहिरीचें पाणी चाखतो, शेजार कसा आहे ह्याची चौकशी करतो, आणि मगच विसाराचे पैसे पुढें करतो. सोयरीक जुळवितांना तर आपण तीन पिढ्यांचा शोध घेतों. परंतु जुनी मोटार घेतांना हींच सावध माणसें रंगाची चकाकी पाहून आणि एक फेरफटका मारून व्यवहार पुरा करतात. त्यांतून ती मोटार वेगासाठीं नांवाजलेली असेल, तर घरांतील तरुण मंडळींच्या उत्साहापुढें वडीलधाऱ्यांचे प्रश्न ओठांतच राहतात. म्हणून ह्या विषयाचा थोडा साकल्यानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम ह्या मोटारीचें कूळ पाहूं. मागील बाजूस कांचेसह संपूर्ण वर उघडणारें दार असलेल्या आटोपशीर गाडीस हॅचबॅक म्हणतात. अशा घरगुती गाडींत जोरकस एंजिन बसविण्याची कल्पना लोकप्रिय करण्याचें श्रेय बहुतांशीं जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीच्या गोल्फ जीटीआय ह्या गाडीस दिलें जातें. १९७६ सालीं ती विक्रीस आली तेव्हां अवघ्या पांच हजार गाड्या काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षांत पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. एंजिन १५८८ घनसेंटिमीटरचें, शक्ति ११० घोड्यांची, आणि वेगाची कमाल मर्यादा ताशीं १८२ किलोमीटर. दिसावयास बाजारहाटाची गाडी आणि धावावयास शर्यतीची, हेंच तिचें आकर्षण होतें.

आतां आपल्याकडील उदाहरण घेऊं. पुणें जिल्ह्यांतील चाकण हें गांव १६६० सालच्या फिरंगोजी नरसाळ्याच्या झुंजीमुळें इतिहासांत आणि कांद्याच्या बाजारामुळें व्यवहारांत आपल्या परिचयाचें आहे. २००९ सालीं तेथें ह्याच कंपनीचा कारखाना सुरू झाला, आणि तेथें तयार होणाऱ्या पोलो गाडीची जीटी टीएसआय ही वेगवान आवृत्ति २०१३ सालीं आपल्या रस्त्यांवर आली. एंजिन अवघें ११९७ घनसेंटिमीटरचें, पण शक्ति १०५ घोड्यांची. उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ती ९.७ सेकंदांत घेते, असा कंपनीचा दावा होता. एवढ्या लहान एंजिनांत हें बळ येतें तें टर्बोमुळें. एंजिनांतून बाहेर पडणारा धूर वाया न घालवितां त्याच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचें आणि त्याच्याकरवीं एंजिनांत जास्त हवा कोंबावयाची, अशी ती युक्ति आहे. २०२० सालीं ह्या आवृत्तीचें एंजिन आणि गिअरबॉक्स हीं दोन्हीं बदललीं, आणि २०२२ सालीं भारतांतील पोलोचें उत्पादनच थांबलें. तेव्हां आतां ज्यास ती हवी असेल त्यास जुनीच घ्यावी लागते. २०१३ ते २०२० ह्या काळांतील गाडी हाच येथें मुख्य विषय आहे.

ह्या गाडीचा प्राण आणि तिचें दुखणें हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं आहेत. तें ठिकाण म्हणजे तिचा सात गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स. ह्यांत एकाऐवजीं दोन क्लच असतात. पहिला, तिसरा, पांचवा आणि सातवा गिअर एकाकडे. दुसरा, चौथा, सहावा आणि मागें जाण्याचा गिअर दुसऱ्याकडे. एक गिअर चालू असतांना पुढचा तयारच असतो. पंक्तींत एक वाढपी भात वाढीत असतांना दुसरा वरण घेऊन पाठोपाठ उभा असावा, तसा हा प्रकार आहे. त्यामुळें गिअर बदलतांना ओढ तुटत नाहीं, आणि खंबाटकीचा घाट चढतांना गाडी कोठेंहि दम घेत नाहीं.

परंतु हे दोन्ही क्लच कोरडे आहेत. तेलांत बुडालेल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेतें. कोरड्या क्लचला ती सोय नाहीं. मोकळ्या रस्त्यावर क्लच एकदां घट्ट बसला कीं तो घसरत नाहीं, म्हणून तापतहि नाहीं. पण सायंकाळीं हडपसरच्या किंवा दादरच्या कोंडींत हातभर पुढें जावें, थांबावें, पुन्हां हातभर सरकावें, असें तासभर चाललें कीं प्रत्येक सरकण्याबरोबर तो घासतो, तापतो आणि झिजतो. मग गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरांत थरथरूं लागते आणि धक्के देते.

दुसरा नाजूक भाग म्हणजे हे क्लच व गिअर हालविणारा मेंदू. त्यास मेकॅट्रॉनिक म्हणतात, कारण त्यांत यंत्र आणि विद्युत् ह्या दोहोंचा संयोग आहे. एक लहान पंप तेलाचा दाब निर्माण करतो, तो दाब एका कुपींत सांठविला जातो, आणि कोणत्या वेळीं तो कोठें द्यावयाचा हें संगणक ठरवितो. दाब सांठविण्याच्या जागेस तडा जाणें किंवा विद्युत् भाग बिघडणें, हीं ह्याचीं परिचित दुखणीं होत. असें झालें म्हणजे गाडी सम किंवा विषम गिअर सोडून देते, अथवा भर चौकांत जागच्या जागीं उभी राहते. ही नुसती गॅरेजांतील कुजबुज नव्हे. २०१३ सालच्या नोव्हेंबरांत खुद्द कंपनीनें ह्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्यासाठीं जगभरांतील सोळा लाख गाड्या परत बोलाविल्या होत्या. उष्ण व दमट हवेंत आणि वारंवार थांबणाऱ्या रहदारींत त्या तेलामुळें विद्युत् बिघाड होऊं शकतो, असें कारण देण्यांत आलें होतें. ह्या तिन्ही गोष्टी आपल्या कोंकणपट्टींतील शहरांत बारमास एकत्र नांदतात, हें वाचकांस सांगावयास नको.

म्हणून ह्या गाडीबरोबर संसार करावयाचा तर चालकाच्या पायास नवें वळण लावावें लागतें. कोंडींत समोरच्या गाडीस चिकटून इंच इंच सरकूं नये. पुढें पुरेशी जागा होऊं द्यावी आणि मग एकदांच मोकळेपणानें पुढें जावें. थांबतांना ब्रेक अर्धवट दाबून ठेवूं नये. पूर्ण दाबला कीं संगणक क्लच सोडून देतो. अर्धवट दाबला तर क्लच ओढीत राहतो, ब्रेक रोखीत राहतो, आणि त्या भांडणांत झीज क्लचची होते. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी अधांतरीं धरून ठेवूं नये. सिग्नलास वेळ असेल तर न्यूट्रल घालून हातब्रेकवर उभी करावी. मागून भोंगे वाजतील ते वाजूं द्यावेत. भोंगे वाजविणारे लोक क्लचचे पैसे देत नाहींत.

एंजिनाकडेहि लक्ष हवें. ह्यांत पेट्रोल थेट दहनाच्या जागींच फवारलें जातें. जुन्या पद्धतींत तें झडपांवरून जातें आणि जातां जातां त्यांना धुऊन काढतें. येथें तें घडत नाहीं, म्हणून हवा आंत घेणाऱ्या झडपांवर काजळीचा थर चढतो आणि गाडी थंड असतांना अडखळते. ही काजळी काढण्याचा एक उपाय मौजेचा आहे. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा दाबाच्या हवेनें झडपांवर मारतात. तो काजळी खरवडतो, पण धातूस इजा करीत नाहीं. टर्बोचें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें आणि तें सर्वस्वीं तेलावर जगतें. यासाठीं तेल बदलण्याची मुदत चुकवूं नये, आणि दूरच्या वेगवान प्रवासानंतर एंजिन लगेच बंद न करतां मिनिटभर शांतपणें चालूं द्यावें. रबराच्या नळ्या कालांतरानें कठीण होतात. त्यांत २०२५ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र आलें आहे, आणि हीं एंजिनें त्या मिश्रणाच्या आधींचीं आहेत. वर्षांतून एकदां ह्या सर्व नळ्या जाणत्या मेकॅनिकाच्या नजरेखालून घालाव्या.

येथपर्यंत यंत्राचे स्वाभाविक दोष झाले. पण जुन्या वेगवान गाडींत आणखी एक दोष असूं शकतो, आणि तो यंत्राचा नसून माणसाचा असतो. साधी गाडी घेणारा ती बहुधा साधेपणानेंच वापरतो. वेगाची गाडी घेणाऱ्यास तो वेगहि अपुरा वाटूं लागण्याचा संभव असतो. एंजिनच्या संगणकांतील आज्ञा बदलून शक्ति वाढवून देणारे कारागीर शहरोशहरीं आहेत. ह्या गाडीचें मूळ पिळाचें बल १७५ न्यूटन-मीटर आहे, आणि तिचा गिअरबॉक्स २५० पर्यंतच सोसावा अशा बेतानें घडविलेला आहे. वाढविलेलें बल त्या मर्यादेस भिडलें कीं गिअरबॉक्सचें आयुष्य कमी होतें. विकतांना मालक जुन्या आज्ञा पुन्हां घालून मोकळा होतो, आणि गेलेलें आयुष्य डोळ्यांस दिसत नाहीं.

शितावरून भाताची परीक्षा करणारा आपला स्थालीपुलाकन्याय स्वयंपाकघरांत खरा. अशा गाडीच्या बाबतींत तो फसवितो. एक दार चांगलें वाजलें म्हणून चारी चांगलीं समजूं नयेत. सकाळीं गाडी अगदीं थंड असतांना ती सुरू करून ऐकावी. नंतर अर्धा तास रहदारींत चालवून, तापल्यावर, चढावर पुढें आणि मागें सावकाश घेऊन पाहावी. थरथर लपत नाहीं. संगणकास यंत्र जोडून नोंदलेले दोष वाचवून घ्यावे. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, म्हणून तो सर्विसिंगच्या पावत्यांशीं ताडून पाहावा. ज्या गाडीच्या पावत्या नाहींत, तिचा पूर्वाश्रम अज्ञात समजावा आणि ती कितीहि स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

कागदपत्रांची हयगय तर मुळींच नको. विकणाऱ्यानें नमुना क्रमांक २९ ची सूचना आणि घेणाऱ्यानें नमुना क्रमांक ३० चा अर्ज परिवहन कार्यालयास द्यावयाचा असतो. गाडीवर कर्ज असेल तर तें फिटल्याचा नमुना क्रमांक ३५ मागून घ्यावा. विमा आपल्या नांवावर करण्यासाठीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत चौदा दिवसांची मुदत दिलेली आहे. मागील मालकाच्या दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहींत ना, हेंहि आधींच पाहावें.

आतां घरच्या बैठकीचा प्रश्न. "अप्पा, नवी साधी गाडी घेण्याच्या पैशांत ही येते आणि वर पैसे उरतात," असें तरुण म्हणेल, आणि तें खरेंहि असेल. पण ते उरलेले पैसे उरलेले नव्हेत. मेकॅट्रॉनिक आणि क्लच बदलण्याचा प्रसंग आला तर खर्च लाखाच्या घरांत जातो. तेवढी रक्कम पहिल्याच दिवशीं निराळी ठेवतां येत असेल, तरच ही गाडी परवडते असें म्हणावें. ती रक्कम घरांतील मुलींच्या फीमधून किंवा वडिलांच्या औषधांतून निघणार असेल, तर गाडी कितीहि देखणी असो, ती आपल्या घरची नव्हे.

दुसरें, एकत्र कुटुंबांत गाडी सर्वांची असते आणि म्हणून जबाबदारी कोणाचीच नसते. चौघांचे चार पाय ज्या क्लचवर पडतात तो लवकर जातो. अशा गाडीस एकच मुख्य चालक असावा. आजीला देवळांत नेण्यास आणि मुलांना शाळेंत सोडण्यास साधी गाडी बरी. तीं दोन मैलांचीं थांबत थांबत केलेलीं कामें हिच्या प्रकृतीस मानवत नाहींत.

तिसरी गोष्ट वेगाची. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या सपाट भागावर मोटारींस ताशीं शंभर किलोमीटरची मर्यादा आहे; ही गाडी तेथें दहा सेकंदांच्या आंत पोहोंचते. पुढें जें उरतें तें केवळ संयमाचें काम आहे. सुरक्षिततेच्या बाबतींत पोलो गाडी दुबळी नाहीं. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें केलेल्या चांचणींत दोन एअरबॅग असलेल्या पोलोस मोठ्या प्रवाशांच्या बचावासाठीं चार तारे मिळाले. मात्र एअरबॅग नसलेल्या पोलोस एकहि मिळाला नाहीं. पोलाद तेंच, पण परिणाम किती वेगळा! तरीहि कोणतीहि चांचणी ठराविक वेगाची असते, तरुणाच्या उन्मादाची नसते, हें वडीलधाऱ्यांनीं रागावून नव्हे तर शेजारीं बसून सांगावें.

मग ही गाडी घ्यावी कीं न घ्यावी? ज्याचा नित्याचा प्रवास मोकळ्या हमरस्त्यावरचा आहे, ज्याचा पाय शांत आहे, आणि ज्याच्या गांठीं दुरुस्तीची रक्कम आहे, त्यानें खुशाल घ्यावी. इतक्या थोड्या किंमतींत घाटाच्या वळणावर असा भरंवसा आणि असा आनंद देणाऱ्या गाड्या फार नाहींत. ज्यास हिचे दोष ठाऊक आहेत त्यास ती क्वचितच फसविते. ज्यास फक्त गुण ठाऊक आहेत त्याच्यापुढें ती भर चौकांत उभी राहते.

घेतल्यास पहिल्या दिवसापासून एक वही करावी. तेल केव्हां बदललें, थरथर प्रथम केव्हां जाणवली, कोणता भाग नवा घातला, हें तारीखवार लिहीत जावें आणि सर्व पावत्या तींत लावाव्या. पुढें गाडी विकण्याची वेळ आली कीं ती वही किल्लीबरोबर नव्या मालकाच्या हातीं द्यावी. कारण आज आपण जसे कोणाच्या तरी वागणुकीचें फळ विकत घेतों, तसेच उद्यां आपणहि त्या गाडीचा पूर्वाश्रम होणार आहोंत.