तबकडीच्या पाकिटाचे जुने रूप

माळ्यावरच्या पेटीत चित्रपटाच्या गाण्यांची जुनी तबकडी सापडली, तर आधी तिचे पाकीट नीट पाहा. आता गाणी मोबाइलवर येतात, तरी त्यांच्यासाठी जुन्या वळणाचे चित्र काढून घेण्याची हौस पुन्हा आली आहे. मात्र पुष्कळ जण संगणकावर चित्राला पिवळट डाग पाडतात आणि ‘झाले जुने’ म्हणतात. जुनेपण डागांत नव्हते, ते कामाच्या पद्धतीत होते.

पूर्वी ७८ फेऱ्यांची तबकडी साध्या कागदी पाकिटात येई. मध्ये गोल भोक, त्यातून नाव वाचायचे. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. पुढे ती आपल्याकडे आली आणि सुमारे १२ इंची चौकोन चित्रकाराच्या हाती आला. दुकानात टांगलेले पाकीट रस्त्यावरून ओळखू आले पाहिजे, म्हणून एक ठळक चित्र, मोजके रंग आणि हाताने काढलेली जाड अक्षरे. चित्रपटाच्या भित्तिपत्रकांची रीत त्याच्याही आधीची. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९२०च्या दशकात आपली भित्तिपत्रके स्वतः रंगवीत.

बदलापूरजवळच्या खरवईतल्या एखाद्या मुलीला हात बसवायचा असेल, तर तिने ‘जैत रे जैत’ घ्यावा. १९७७चा हा चित्रपट ठाकरांच्या जीवनावरचा, आणि ठाकरांच्या वाड्या त्या डोंगरांत जवळच आहेत. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गीते ना. धों. महानोरांची. महानोर स्वतः पळसखेडचे शेतकरी होते.

१२ इंची चौकोनी पुठ्ठा घ्या. डोंगर, ढोल, मधमाश्यांचे मोहोळ यांपैकी एकच वस्तू मोठी काढा. तिन्ही कोंबलीत तर एकही दिसणार नाही. रंग तीनच: हळदीचा पिवळा, पानाचा हिरवा आणि काळा. अक्षरे हातानेच काढा. कड्याला मोहोळ लोंबते तशी ती शिरोरेषेला लोंबू द्या.

मग पुठ्ठा ओटीच्या भिंतीला टेकवून दहा पावलांवरून पाहा. त्याचाच फोटो मोबाइलवर टपाल तिकिटाएवढा करून पाहा. दोन्हीकडे नाव वाचता आले, तर चित्र जमले. रस्त्यासाठी केलेली जुनी युक्ती आजच्या लहान पडद्यालाही लागू पडते, ती अशी.

एक पथ्य पाळा. दुसऱ्याचे जुने चित्र कापून चिकटवू नका. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे त्या चित्रावरचा हक्क राहतो.

आणि कोपऱ्यात आपले नाव घाला. गायकाचे, संगीतकाराचे नाव पाकिटावर ठळक असे. रंगवणाऱ्या कितीतरी हातांची नावे मात्र कुठेच राहिली नाहीत. छापील फलक आल्यावर गावोगावच्या पेंटरांचे कामही गेले. तुमच्या घरात कुणाची रांगोळी रेखीव येत असेल, तर त्या हाताला कुंचला द्या, आणि खाली नाव लिहायला सांगा.