दुर्बिणीच्या घरातली ऊब

हवाई बेटावरच्या मौना केआ शिखरावर, सुमारे 4,200 मीटर उंचीवर, कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बीण 1979 पासून काम करते आहे. आरसा 3.6 मीटरचा आणि डोक्यावर जगातल्या सर्वांत स्थिर आकाशांपैकी एक. तरी ताऱ्यांच्या प्रतिमा त्या आकाशाला शोभतील इतक्या रेखीव येत नव्हत्या. चोर घरातच होता, तो म्हणजे घुमटातली हवा. तिच्याबद्दल चार गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : प्रकाश घुमटात शिरला की वातावरणाचा त्रास संपला.
वस्तुस्थिती : तापलेल्या तव्यापलीकडची भिंत थरथरताना दिसते, तेच इथेही घडतं. समुद्रसपाटीला हवेच्या तापमानात 1 अंशाचा फरक पडला, तर अपवर्तनांक साधारण दहा लाखांत एक भाग इतका बदलतो. वाटतो नगण्य, पण 1 अंशाने उबदार हवेच्या 1 मीटर जाडीच्या झोतातून आलेला प्रकाश शेजारच्या प्रकाशापेक्षा सुमारे 1 मायक्रॉनने पुढेमागे होतो. म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ दोन लहरी!

गैरसमज : वारा बाहेर अडवला की प्रतिमा स्थिर.
वस्तुस्थिती : कोंडलेल्या घुमटात उबदार आरशावरून हवेचे लोट उठत राहतात. याच दुर्बिणीवरच्या नोंदींचं विश्लेषण 1991 मध्ये प्रसिद्ध झालं. आरसा हवेपेक्षा 1 अंशाने गरम असला, तर त्यामुळे येणारा धूसरपणा सुमारे 0.4 आर्कसेकंद निघाला. (1 आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग.) तिथल्या चांगल्या रात्री आकाश स्वतः धूसर करतं ते जेमतेम अर्धा आर्कसेकंद! म्हणून पुढे या घुमटाच्या भिंतीत 12 मोठे झरोके पाडले गेले. वारा आत खेळला की ऊब वाहून जाते. चिलीतल्या पारानाल इथे तर दिवसाच वातानुकूलन चालवून घुमट येणाऱ्या रात्रीइतका थंड ठेवतात.

गैरसमज : घुमटाला पांढरा रंगच सर्वोत्तम.
वस्तुस्थिती : दिवसा तो ऊन परतवतो हे खरं. पण रात्री तोच आपली उष्णता आकाशाकडे भराभर टाकतो आणि हवेपेक्षा थंड होतो. मग त्याला लागून गार झालेली जड हवा घुमटाच्या फटीतून दुर्बिणीवर ओघळते. म्हणून काही घुमटांना ॲल्युमिनियमसारखा चंदेरी रंग देतात.

गैरसमज : प्रतिमा दुरुस्त करण्यासाठी आकार बदलणारे आरसे सगळं निस्तरतात.
वस्तुस्थिती : पारानालच्या 8.2 मीटर दुर्बिणीवर उलट अनुभव आला. वारा अगदी पडलेल्या, एरवी आदर्श वाटणाऱ्या रात्रीच प्रतिमा बिघडत. दुय्यम आरसा पेलणाऱ्या धातूच्या पट्ट्या हवेपेक्षा गार होऊन भोवतालची हवा गारठवत, आणि तो दोष दुरुस्ती-यंत्रणेच्या संवेदकाला नीट दिसतच नसे. 2017 मध्ये त्या पट्ट्यांना उष्णता कमी उत्सर्जित करणारा लेप लावला, तेव्हा त्रास बराच उतरला.